कामात गुंतलेले हात : कलेवरचे माहितीपट कुठे शोधावे, कसे निवडावे

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात पहिला क्रमांक मिळवून सीनियर रँग्लर झाले. १९०१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांच्या स्वागताला मोठी गर्दी लोटली. त्या गर्दीत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, आपला कॅमेरा घेऊन हजर होते. भारतीय माणसाने टिपलेली ही पहिली चित्रवार्ता मानली जाते. म्हणजे आपल्याकडच्या माहितीपटाच्या इतिहासातला पहिला मानकरी रत्नागिरी जिल्ह्याचा निघतो.

पुढे दादासाहेब फाळके आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी भांडवल मिळवायचे होते, आणि भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता रुजला, वाढला. १९१७ मध्ये त्यांनी आणखी एक गंमत केली. चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवणारी एक छोटी फिल्म काढली. तिचा उरलेला तुकडा आजही पाहता येतो. नटांना हातवारे करून सांगणारे, फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून न्याहाळणारे फाळके त्यात दिसतात. कलाकार काम कसे करतो हे दाखवणारा माहितीपट आपल्याकडे तेव्हापासून आहे.

एवढी जुनी परंपरा असूनही, कलेवरचा एखादा चांगला, मनाला उभारी देणारा माहितीपट पाहायचा म्हटले की बहुतेकांची गाडी अडते. फोनवर शोधायला जावे तर समोर येतात दहा-दहा मिनिटांच्या यशोगाथा. मागे भावुक संगीत, पुढे गौरवाचे शब्द आणि शेवटी पुरस्कार घेतानाचा फोटो. पाहून झाल्यावर माणूस मोठा होता एवढेच कळते. तो काय करत होता, कसे करत होता, कुठे अडत होता, यातले काहीच हाती लागत नाही.

निवडीची खूण इथेच आहे. कलाकाराची स्तुती ऐकून उभारी येत नाही, त्याचे काम चाललेले पाहून येते. म्हणून कोणताही माहितीपट लावला की पहिल्या पाच-दहा मिनिटांत दोन गोष्टी पाहाव्यात. कामात गुंतलेले हात दिसतात का? आणि त्या हातांपुढची अडचण दिसते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढे बसावे. निवेदक मधूनमधून गप्प बसत असेल तर फारच उत्तम.

अकरा मिनिटांपासून सुरुवात

सवय नसलेल्याने थेट दोन तासांच्या माहितीपटाला हात घालू नये. बर्ट हान्स्त्रा या डच दिग्दर्शकाचा १९५८ चा ‘ग्लास’ जेमतेम अकरा मिनिटांचा आहे. त्यात निवेदन नाही, नुसते जॅझ संगीत आहे. तापलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर घेऊन कारागीर गाल फुगवून फुंकतात आणि त्यातून फुलदाण्या आकार घेतात. मग कारखान्यातले यंत्र येते, त्याच्या एका चुकीने बाटल्या फुटत जातात, आणि माणसाच्या हाताची किंमत एक शब्दही न बोलता कळते. लघु माहितीपटाचे ऑस्कर या छोट्या फिल्मला मिळाले. भाषेचा अडसर नसल्याने घरातल्या शाळकरी मुलापासून आजीपर्यंत सगळ्यांना ती एकत्र पाहता येते.

त्यानंतर आपल्याकडचा एक. पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत उमेदवारी केलेले मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. राजस्थानातली गावे, छत्री, कंदील, जोडा, गाय अशा वस्तू आणि प्राणी एकामागून एक येत राहतात. गोष्ट अशी नाहीच. चित्रकाराला जग कसे दिसते एवढेच त्यात आहे. बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाला ‘गोल्डन बेअर’ मिळाले. पहिल्यांदा पाहताना काही कळले नाही असे वाटू शकते. दुसऱ्यांदा पाहताना आपणही भिंतीवरच्या सावलीकडे निरखून बघू लागतो.

याच जातीतला मोठा चित्रपट म्हणजे आन्री-जॉर्ज क्लूझो यांचा १९५६ चा ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’. पिकासो कागदाच्या एका बाजूला चित्र काढतात आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला असतो. शाई कागदातून पलीकडे झिरपते, त्यामुळे हात न दिसता रेघ आपोआप उमटत गेल्यासारखी वाटते. फूल काढले की त्याचा मासा होतो, माशाची कोंबडी होते. चांगले जमलेले चित्र पिकासो स्वतःच पुसून बिघडवतात, पुन्हा सावरतात. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही पुढची रेघ आधीपासून ठाऊक नसते, हे डोळ्यांनी पाहण्यात फार मोठा दिलासा आहे.

हरवले ते पुन्हा मिळवणारे

उभारीच्या दृष्टीने मला सर्वांत वर ठेवावासा वाटतो तो सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’. १९७२ चा हा लघुपट वीसेक मिनिटांचा आहे. शांतिनिकेतनात ज्यांच्या हाताखाली राय शिकले, त्या बिनोदबिहारी मुखर्जींवर तो आहे. बिनोदबिहारींची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. चित्रकाराची गोष्ट एरवी इथेच संपली असती. पण त्यांनी कागदाच्या घड्या घातल्या, कात्रणे केली, बोटांनी चाचपत रेखाटने केली आणि भिंतीवर टाइल्सचे मोठे चित्र उभे केले. राय कुठेही गळा काढत नाहीत. आंधळा माणूस चहा कसा करतो हे जितक्या शांतपणे दाखवतात तितक्याच शांतपणे तो चित्र कसे करतो तेही दाखवतात.

मराठी रसिकाला याच वाटेवर कुमार गंधर्व भेटतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा वयाच्या विशीतच नावारूपाला आला आणि क्षयाने अंथरुणाला खिळला. देवासच्या कोरड्या हवेत उपचार सुरू झाले. गाणे बंद. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची लोकगीते कानावर पडत राहिली. काही वर्षांनी कुमारजी पुन्हा गायला लागले तेव्हा श्वास आखूड झाला होता आणि फुप्फुसाची ताकद कमी झाली होती. पण त्या मर्यादेतूनच त्यांची छोट्या, झेपावणाऱ्या तानांची गायकी घडली, आणि माळव्याची धून ख्यालगायनाच्या दरबारात आली. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ हा माहितीपट कुमारजींवरच आहे. त्याला जोडून शबनम विरमानी यांचा ‘कोई सुनता है’ पाहावा. कुमारजी आणि कबीर यांचे नाते त्यात उलगडते.

गाण्याच्या माहितीपटांत आपण श्रीमंत आहोत. पंडित भीमसेन जोशींवर गुलजारांनी केलेला माहितीपट आहे. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी किशोरी आमोणकरांवर २०११ मध्ये ‘भिन्न षड्ज’ केला. किशोरीताईंचा दरारा सर्वांना ठाऊक. पण स्वराविषयी बोलताना त्या किती हळव्या आणि किती कठोर होत, हे कॅमेऱ्यासमोर त्यांच्याच तोंडून ऐकण्याची गोष्ट वेगळी. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरचा नंदन कुध्याडी यांचा ‘रसयात्रा’ आणि उस्ताद अमीर खाँ यांच्यावरचा एस. एन. एस. शास्त्री यांचा १९७० चा लघुपट हेही याच रांगेतले. अमीर खाँ साहेबांच्या लघुपटाची खुबी अशी की तो त्यांच्या विलंबित लयीइतकाच निवांत चालतो.

गिरणगाव, मालेगाव आणि जत्रेतला तंबू

कला म्हणजे फक्त मैफल आणि गॅलरी नव्हे. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा २००१ चा ‘साचा’ पाहा. मुंबईच्या गिरण्या बंद पडत असताना कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन या दोघांच्या नजरेतून हे शहर दिसते. एक शब्दांतून कामगार रेखाटतो, दुसरा रंगांतून. सुर्व्यांवरच अरुण खोपकरांचा ‘नारायण गंगाराम सुर्वे’ आहे. रस्त्यावर सापडलेले पोर गिरणी कामगाराच्या घरात वाढते आणि मराठी कवितेत उभे राहते, ही कहाणी त्यात येते. खोपकर हे नाव वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे. जहांगीर सबावालांची चित्रे, लीला सॅमसन यांचे भरतनाट्यम, चार्ल्स कोरिया यांचे वास्तुशिल्प अशा वेगवेगळ्या कलांवर त्यांनी माहितीपट केले, आणि चित्रपटाविषयी मराठीत मोलाची पुस्तकेही लिहिली.

हसत हसत उभारी हवी असेल तर फैजा अहमद खान यांचा २००८ चा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारी माग बंद आणि सिनेमागृहे भरलेली. तिथला नासिर शेख मित्रांना जमवून गाजलेल्या चित्रपटांच्या गावठी आवृत्त्या काढतो. या खेपेला त्याला सुपरमॅन उडवायचा आहे. पैसा नाही, यंत्रसामग्री नाही. मग सायकलवर कॅमेरा बसवायचा, हिरव्या कापडासमोर माणूस आडवा धरायचा आणि उडवायचा. सुपरमॅन होणारा शफीक हा स्वतः यंत्रमाग कामगार, अंगाने काटकुळा. पुढे थोड्याच काळात कर्करोगाने तो गेला, हे माहीत असूनही हा माहितीपट संपताना मन जड होत नाही, कारण त्याची उडण्याची हौस पडद्यावर पुरी झालेली असते.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा २०१६ चा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू-टॉकीजची गोष्ट सांगतो. कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली, तंबूवाल्यांचे दिवस फिरले. पण जुने प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर त्यात आहे. त्याने स्वतःच्या कल्पनेने नवा प्रोजेक्टर बनवला आहे. गिऱ्हाईक येणार नाही हे त्याला दिसते, तरी यंत्राची रचना समजावून सांगताना त्याचा चेहरा खुलतो. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांचा २०१२ चा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा याच गोष्टीचा दुसरा भाग म्हणावा असा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे जमवली. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे मिळवले. नायर नसते तर फाळके आपल्याला फक्त पुस्तकातच भेटले असते.

एक सावधगिरीही सांगायला हवी. माहितीपट म्हणजे निखळ सत्य असे समजू नये. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा ऑस्करविजेता माहितीपट रॉड्रिगेझ नावाच्या गायकाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत त्याला कुणी विचारले नाही, तो मजुरी करत राहिला आणि दक्षिण आफ्रिकेत त्याला न कळता घरोघरी पोचला. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण मधल्या काळात ऑस्ट्रेलियात त्याचे नाव झाले होते, तिथे त्याने दौरेही केले होते, हे दिग्दर्शकाने गाळले. उभारी वाढवण्यासाठी काय वगळले असेल, हा प्रश्न मनात जागा ठेवून पाहावे.

सड्यावर जाण्याआधी

रत्नागिरीत राहणाऱ्याने वेर्नर हेर्झोग यांचा २०१० चा ‘केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स’ चुकवूच नये. दक्षिण फ्रान्समधली शोव्हे गुहा १९९४ च्या डिसेंबरात सापडली. तिच्यातली चित्रे तीस हजार वर्षांहून जुनी आहेत. माणसांच्या श्वासानेही भिंती बिघडतात म्हणून ती लोकांसाठी बंद आहे. हेर्झोग यांना मोजकी माणसे, न तापणारे छोटे दिवे आणि दिवसाचे काही तास एवढ्याच अटींवर आत जाऊ दिले. अरुंद पुलावरून पाऊल खाली न टाकता त्यांनी ते घोडे, सिंह, गेंडे टिपले. भिंतीवर तांबड्या रंगात हाताचे ठसे आहेत. त्यातल्या एका हाताची करंगळी वाकडी आहे, आणि तीच वाकडी करंगळी गुहेत आत पुन्हा भेटते. हजारो वर्षांपूर्वीचा एक चित्रकार असा ओळखीचा होतो.

हे पाहून झाल्यावर आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जावे. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू इथल्या जांभ्या दगडावर कोरलेली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्या यादीत सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळही आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून यांतली कितीतरी ठिकाणे उजेडात आणली. काशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे आणि त्याच्या अंगातच इतर अनेक प्राण्यांच्या आकृती कोरल्या आहेत. शोव्हे पाहायला पडदाच लागतो. आपली कलादालने मात्र उघड्यावर आहेत, पायी गाठता येतात, आणि उघड्यावर असल्यामुळेच चिरेखाणी, रस्ते आणि बेफिकीर पावले यांच्या तडाख्यात आहेत. माहितीपट पाहून आलेला माणूस कातळावर चप्पल घालून रेघेवर उभा राहणार नाही, एवढा जरी फरक पडला तरी पुष्कळ.

कुठे आणि कसे शोधावे

फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाली. एके काळी सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी तिचा लघुपट दाखवणे सक्तीचे होते, आणि लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या संग्रहातले बरेच माहितीपट यूट्यूबवर मोफत आहेत. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचे आणि साहित्य अकादमीने लेखकांवर काढलेले माहितीपटही तिथेच सापडतात. शोधताना ‘प्रेरणादायी’ असा शब्द टाकू नये, त्याने यशोगाथांचा ढीग पुढे येतो. कलाकाराचे किंवा दिग्दर्शकाचे नाव आणि निर्मितीसंस्थेचे नाव टाकावे. जुन्या फिल्म्सची नावे बहुधा इंग्रजीत नोंदलेली असतात, म्हणून देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोधावे. मूळ फिल्मची लांबी आधी पाहून ठेवावी. वीस मिनिटांची फिल्म सहा मिनिटांची दिसली तर ती कुणीतरी कापलेली आहे असे समजावे.

दुसरा हुकमी मार्ग म्हणजे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या याद्या. त्यांत कथाबाह्य चित्रपटांचा स्वतंत्र विभाग असतो आणि कला-संस्कृतीवरच्या चित्रपटांना वेगळे पुरस्कार मिळत आले आहेत. मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या याद्याही तशाच उपयोगी. परदेशी माहितीपट मात्र बहुतेक वेळा पैसे भरून पाहण्याच्या मंचांवर असतात आणि तिथून ते येत-जात राहतात. आज दिसलेला उद्या असेलच असे नाही.

कोकणात याला एक चांगला हंगाम आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, लावणी आटोपली की शेतावरही उसंत, आणि बाहेर पाऊस कोसळतोय. फक्त वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही, म्हणून मंच परवानगी देत असेल तर फिल्म आधीच उतरवून ठेवावी. एकट्याने फोनवर पाहण्यापेक्षा चार जणांनी टीव्हीवर पाहावे आणि नंतर अर्धा तास बोलावे. १८२८ पासून चालत आलेले जिल्हा नगर वाचनालय, थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरवणारे आर्ट सर्कल, देवरुखचे पित्रे कलासंग्रहालय, सावर्ड्याचे कला महाविद्यालय अशी कलेची ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ एका माहितीपटाची, असा उपक्रम अशा ठिकाणी सहज शोभेल. सार्वजनिक खेळ लावायचा तर निर्मात्याची परवानगी घ्यायला हवी. पत्र लिहून विचारावे. आपली फिल्म गावोगावी पाहिली जावी असे माहितीपट करणाऱ्यालाही वाटतच असते.

आता आपली पाळी

इतके पाहिल्यावर एक गोष्ट खटकू लागते. शिमग्यातले नमन-खेळे, त्यातला संकासूर आणि गोमू, गणपतीत रंगणारी शक्ती-तुऱ्याची जाखडी, श्रावणात मातीच्या वासाने भरलेली गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तिकाराचा कारखाना, यांच्यावर निवांतपणे, काम दाखवत केलेले माहितीपट किती आहेत? नाचाच्या तुकड्यांच्या चित्रफिती खंडीभर मिळतील. पण मृदंगावर शाई कशी चढवतात, संकासुराचा मुखवटा आणि टोपी कोण करते, जाखडीचा शाहीर सवालाला जबाब कसा जुळवतो, मूर्तिकार डोळे शेवटी का आखतो, हे दाखवणारे फार थोडे.

त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. फोन आडवा धरावा, कारागिराची परवानगी घ्यावी, आवाज नीट येईल इतके जवळ बसावे आणि काम चालू असताना मध्ये बोलू नये. एक मूर्ती मातीच्या गोळ्यापासून रंगापर्यंत सलग टिपावी. हत्यारांची नावे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत. एक प्रत त्याला द्यावी, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवावी. सावेदादांनी मुर्डीच्या परांजप्यांना टिपले तेव्हा त्यांच्याकडेही एक कॅमेरा आणि भरपूर कुतूहल, एवढेच भांडवल होते. येत्या गणपतीआधी आपल्या गावातल्या गणपतीच्या एका तरी शाळेत जाऊन बसा आणि एक तास चित्रित करा.